पिंगळीचा नाच

घाटात अजून रस्ता झाला नव्हता, त्या काळची गोष्ट. कड्याखालच्या पोळ्यात पिंगळी नावाची मधमाशी राहायची. समोरच्या उतारावर फुललेली कारवी तिनेच शोधली होती. पोळ्याची रीत अशी, की जेवढा रस मिळाला तेवढंच नाचायचं. तो नाच पाहून बाकीच्या त्या दिशेला जायच्या. पिंगळी जीव तोडून नाचली आणि सगळं पोळं कारवीवर लोटलं.

पुढे कारवी ओसरली. पिंगळी जवळजवळ रिकामी परतू लागली, पण नाच काही तिने कमी केला नाही. कौतुकाची सवय झाली होती. माश्या जायच्या, उपाशी परतायच्या आणि म्हणायच्या, "आपल्यालाच उशीर झाला असेल."

एका दुपारी म्हातारी राघी माशी तिच्याजवळ आली. "पिंगळे, आज काय मिळालं गं?"

"थेंबभर."

"मग थेंबभरच नाच की."

पिंगळीला राग आला. पण कप्प्यांतल्या अळ्या भुकेने वळवळताना तिलाही दिसत होत्या. ती नाचायची थांबली.

तिच्याभोवतीची गर्दी पांगली. तेव्हा कुठे सगळ्यांना दिसलं, की पोळ्याच्या पलीकडच्या कडेला दुसरी एक माशी पठारावरच्या सोनकीच्या फुलांची वाट सांगत कधीपासून नाचत होती.