दर्याकडचं अंग

खाडीवर पूल नव्हता ना, त्याच्याही फार वर्षं आधीची ही गोष्ट. नीट बसा, आणि मध्येच ‘मग काय झालं’ विचारू नका. मी सांगणारच आहे.

आपलं खारदेवळी गाव खाडीच्या पाण्याहून खाली. तेव्हाही होतं, आजही आहे. भरतीचं पाणी आणि भाताची शेतं यांच्या मध्ये काय, तर मातीचा एक बांध. तो फुटला की खारं पाणी आत शिरतं, आणि मग दोन-तीन पावसाळे त्या जमिनीत भाताची काडी उगवत नाही. म्हणून घराघराला बांधाचा एकेक तुकडा वाटून दिलेला. पावसाआधी आपापला तुकडा चिखल घालून पक्का करायचा. मग गावचा गोमा पाटील बांधावरून चालत यायचा, आणि त्याला जो तुकडा सगळ्यात बेस वाटेल त्यावर आंब्याची डहाळी खोवायचा.

त्या गावात बामी नावाची सून आली. नवरा दर्यात मालाच्या मचव्यावर कामाला, सहा-सहा महिने घरी नाही, म्हणून तुकडा तिच्या अंगावर पडला. तोही वळणावरचा, जिथे खाडी थेट छातीवर येते. बामी कामाला वाघ होती. दोन गड्यांनी उचलायची पाटी ती एकटी डोक्यावर घ्यायची, असं म्हणतात. पण तिला एक खोड होती. पाटी टाकली की मान वर करून बघायची, कोणी बघतंय का. येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायची, “बेस झालाय ना गो?” कोणी हो म्हटलं की तिला जेवण गोड लागायचं. कोणी नुसतंच पुढे गेलं तर रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

आता बांधाला दोन अंगं असतात. गावाकडचं सगळ्यांना दिसतं. दर्याकडचं बघायचं तर ओहोटीला मांडीभर चिखलात उतरावं लागतं. कोण उतरतंय? बामीनं गावाकडचं अंग असं सारवलं, असं सारवलं, की त्यावर खुशाल पापड वाळत घालावेत. डहाळी तिला मिळाली. पुढल्या वर्षीही तिलाच. आणि त्याच वर्षी डहाळीची पानं सुकायच्या आत उधाण आलं, आणि बांध फुटला तो नेमका बामीच्या तुकड्यात.

गाव तिला काही बोललं नाही. तेच वाईट. विहिरीवर ती गेली की बायका कळशी उचलून चालू लागायच्या. बामी फुटक्या बांधावर जाऊन बसली, कोणी येऊन शिव्या तरी द्याव्यात म्हणून. कोणी आलं नाही. पाणी ओसरलं तशी ती पहिल्यांदाच दर्याच्या बाजूला उतरली. बघते तर उरलेल्या बांधाला चिंबोऱ्यांनी, खेकड्यांनी हो, बिळं पाडलेली. एकात तिनं हात घातला, तो कोपरापर्यंत आत गेला. तेव्हा बामी मोठ्यानं म्हणाली, “बामे, हे काम झालेलं नाही.” ऐकायला फक्त बगळे होते.

त्या दिवसापासून ती उतरायला लागली ती दर्याकडे. ओहोटी लागली की बिळं शोधायची, चिकणमाती ठासायची, वर दगड रचायची. मग टाच मारून बघायची. माती हलली तर उपसून पुन्हा भरायची. नाही हलली तर स्वतःलाच सांगायची, “झाला.” आणि तिथेच बसून भाकरी खायची. गावाकडचं अंग राहिलं खडबडीत. डहाळी बंद झाली. पाटील म्हणायचा, “बामे, हात आखडलास.” तिला लागत नव्हतं का? लागायचं की. माणूसच होती. पण विचारणं तिनं सोडलं ते सोडलं.

आणि मग ते मोठं उधाण आलं. दुपारी पाणी चढणार होतं. सकाळच्या ओहोटीला पाटील बांध बघायला आला. म्हणाला, “हे अंग आत्ताच्या आत्ता सारव. नाहीतर तुकडा काढून दुसऱ्याला देतो.” सगळं गाव बघत होतं. बामीपाशी एकच पाटी चिकणमाती उरली होती, आणि खाली एक बीळ बुजवायचं राहिलं होतं. ती म्हणाली, “द्या पाटील. पण तेवढं बीळ भरून घेते.” पाटी घेऊन ती दर्याकडे उतरली, बीळ भरलं, टाच मारली, वर आली आणि घरी गेली. पाटलानं तिचा तुकडा सगळ्यांदेखत काढून घेतला.

दुपारी दर्या आला. असं पाणी कोणी पाहिलं नव्हतं. ज्यावर त्या सकाळी डहाळी लागली होती तो तुकडा चिरला, माणसांनी त्यात गोणपाट कोंबले. वळणावर धावणार कोण? तिथे तर दर्यानं बांधाला हात लावून चाचपून पाहिलं, असं म्हणतात. इथून शिरू का, तिथून शिरू का, करत वीत न् वीत चाचपली. एक बीळ सापडलं नाही. मग आलेल्या वाटेनं मुकाट परत गेला. शेतं वाचली.

पाटील डहाळी घेऊन बामीच्या दारात गेला, मागे अख्खं गाव. म्हणाला, “बामे, बेस काम केलंस.”

बामी हसली. म्हणाली, “हो पाटील. सकाळीच केलं.”

डहाळी तिनं घेतली, बरं का. घेतली, आणि दर्याकडच्या चिखलात खोवली. आंब्याच्या त्या डहाळीला खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या तिवराची पानं फुटली, असं म्हणतात. ते तिवर अजून वळणावर उभं आहे. खोटं वाटत असेल तर ओहोटीला उतरून बघा.

अजूनही बांधाचं काम निघालं की पहिली पाटी गावातल्या सगळ्यात नव्या सुनेनं टाकायची, तीही दर्याकडून. ती उतरली की बाकी सगळ्यांनी गावाकडे तोंड करून उभं राहायचं. कोणी बघायचं नाही, कोणी बोलायचं नाही. तिनं टाच मारून “झाला” म्हटलं की मगच दुसरी पाटी उचलायची. मागल्या खेपेला एका पोरीनं घातलेला चिखल उपसला, पुन्हा भरला, पुन्हा उपसला. ऊन डोक्यावर आलं. पाटलापासून सगळं गाव पाठ करून उभं होतं, तिचं तिला पटेपर्यंत.