हणमंतची सीट

गाडीतला बिघाड मी नुसत्या वासानं ओळखतो. बार्शीत कुणालाही विचारा. फक्त मला बारा महिने सर्दी असते, म्हणून मीटर लावावा लागतो.

त्या दिवशी आबासाहेब गरड माझ्या गॅरेजवर गाडीतून उतरले. उतरले कसले, घडी उलगडावी तसे बाहेर आले. माणूस ताडासारखा उंच आणि ड्रायव्हरची सीट पार स्टिअरिंगला चिकटलेली. मी विचारलं, आबासाहेब, गाडी चालवता का अंगात घालता?

ते हसले नाहीत. बटण दाबलं तरी सीट हलत नाही, एवढंच म्हणाले. सुनेनं पाठवलं होतं. सासऱ्याचा पाय ब्रेकवर नीट पडत नाही म्हणून ती घाबरली होती.

फ्यूज बघितला, चांगला. बटणापर्यंत करंट येत होता. मोटरला बॅटरीची थेट वायर लावून बघावी म्हणून सीटखाली वाकलो, तर तिथला प्लगच सुटलेला.

उंदीर, मी जाहीर केलं.

दारात माझे उस्ताद दस्तगीरभाई स्टुलावर बसले होते. मला हे काम त्यांनीच शिकवलं. मी बिघडलो तो माझ्या हिमतीवर. आता त्यांना दिसत नाही फारसं. ते उठून आले, वाकून प्लगच्या जागी हात घातला, अंगठ्यानं चाचपलं.

"नाग्या, उंदीर खिट्टी दाबून प्लग काढतो का?"

आबासाहेब उगाच गाडीची काच पुसायला लागले.

मग हळूहळू निघालं. ही गाडी कायम हणमंतनं चालवली. हणमंत त्यांचा ड्रायव्हर. बुटका, तोंडाळ. चहाला गाडी थांबवणारा तोच आणि उशीर झाला म्हणून मालकावर डाफरणाराही तोच. हात कापायला लागले तसा लेकीकडं औशाला गेला. पंधरवड्यात येतो म्हणाला होता. त्याला आता वर्ष होत आलं. फोनवर त्याला ऐकू येत नाही. लेक म्हणते, बरे आहेत.

आबासाहेब एकदा निघालेही होते औशाला. त्या पुढच्या सीटवर मुडपून बसून वाटेत येडशी येईतो गुडघे धरले. परत फिरले.

आणि मध्यंतरी सुनेनं सीट मागं घ्यायला बटणाकडं हात नेला, तर यांनी तो धरला. त्याच दुपारी सगळे झोपलेले बघून प्लग काढून टाकला. इतक्या मोठ्या माणसाला चोरीसुद्धा स्वतःच्याच गाडीत करावी लागली, असं मी म्हणणार होतो. त्यांचं तोंड बघून गिळलं.

"जोड आता," आबासाहेब म्हणाले. "पण मागं घेतल्यावर पुन्हा हीच जागा सापडेल का रे? हणमंत आला तर…"

त्यात काय मोठं. मी खडू काढला. पटरीवर एक खूण करायची, पाठीला एक, उंचीला एक.

उस्तादांनी हात पुढं केला. मी खडू दिला.

त्यांनी तो खिशात टाकला. मग सीटखाली हात घालून प्लग खट्कन बसवला, चाचपत बटण गाठलं आणि दाबून धरलं.

सीट मागं निघाली. सावकाश… कण्हत…

आबासाहेबांनी दाराची कड धरली. पुढची जागा उघडी पडत गेली, तशी तिथं हणमंतची तंबाखूची रिकामी पुडी दिसली. ती कुणी उचलली नाही.

सीट थांबली.

"गेली त्याची जागा," आबासाहेब म्हणाले.

"त्याची आहे ना? त्याला सापडेल," उस्ताद म्हणाले.

"आणि तो आलाच नाही तर?"

उस्तादांनी बटणावरचा हात काढला.

"आता तुमचे गुडघे मोकळे झाले, आबासाहेब. अजून त्यानंच यायचं?"