तोंड उघडणारे मासे

ओढ्याकाठच्या एका गावात अंतोबा नावाचा एक माणूस राहायचा. तसबिरींना काच बसवणं हा त्याचा धंदा आणि भिणं हा त्याचा स्वभाव. पान हललं तरी त्याच्या काळजाचं पाणी व्हायचं.

ओढ्यातल्या पट्टेरी माशांवर त्याचा फार जीव. खळाळत्या पाण्यात ते प्रवाहाकडे तोंड करून दगडाआड उभे असायचे. एकदा त्याच्या डोळ्यांदेखत खंड्या पक्ष्याने सूर मारला आणि त्यातला एक उचलून नेला. अंतोबाला घाम फुटला. त्याने उरलेले मासे पंच्यात धरले, घरी काचा जोडून टाकी केली आणि त्यात सोडले. आता यांना कशाचं भय नाही, असं तो बायकोला, सगुणाला, दहादा सांगत राहिला.

मासे बिचारे आगीतून फुफाट्यात पडले. मांजर येईल म्हणून अंतोबाने टाकीवर पाट ठेवला. ऊन लागेल म्हणून खिडकी लावून घेतली. दुसऱ्या दिवशी मासे वर येऊन तोंडं उघडू लागले. भुकेले असतील म्हणून त्याने पीठ टाकलं. ते आणखी तोंडं वासू लागले, त्याने आणखी पीठ टाकलं. पाणी नासलं. सकाळी पाहतो तर एक मासा उलटा तरंगत होता. उपासाने मेला, असंच त्या वेड्याला वाटलं.

मग तो दाराला आतून कडी घालून राखणीला बसला. दुपारी खोली भट्टीसारखी तापली. सगुणाने दार ठोठावलं, तेव्हा त्याने कशीबशी कडी काढली आणि तोंड वासून तिथेच बसला. सगुणाने त्याच्यापुढे भाकरी ठेवली.

"माझा जीव गुदमरतोय आणि तू भाकरी देतेस?"

"तोंड उघडलंत म्हणून दिली," ती म्हणाली. "तुम्ही माशांना देता तशी."

अंतोबाने टाकीकडे पाहिलं. मासे भुकेने नाही, गुदमरून तोंडं उघडत होते, हे कळून त्याला फार वाईट वाटलं. उरलेले मासे घागरीत घेऊन तो ओढ्याकडे पळत सुटला. वाटेत सगळे मरतील, या धास्तीने त्याला घागरीत डोकावण्याचाही धीर होईना.

वाहत्या पाण्यात मासे क्षणभर आडवेच पडून राहिले. मग एकाने शेपूट हलवली, प्रवाहाकडे तोंड केलं आणि तो दगडाआड गेला. पाठोपाठ बाकीचेही गेले. वरच्या फांदीवर खंड्या बसलेलाच होता. अंतोबाची छाती धडधडत होती, पण त्याने घागर पुन्हा पाण्यात बुडवली नाही.

तात्पर्य: ज्याला जपायचं, त्याला काय हवं ते आधी ओळखावं, आपल्या भीतीलाच माया समजून त्याला कोंडून ठेवू नये.