रांगेतला शेवटचा

मंगळवारी सकाळी मी मटार सोलत बसलो होतो, तेव्हा इंग्लंडहून फोन आला. शालनमावशी गेली.

तीस वर्षांपूर्वी तिथल्या दातांच्या दवाखान्यात ती नंबर देत असे. शिकायला म्हणून तिथे गेलेला मी चार वर्षे तिच्या घरी जेवलो. माझी दाढ सुजली, तेव्हा तिने मलाही रांगेतच उभे केले. डॉक्टर दुपारी बाराच जणांना तपासत आणि बारावा मी होतो.

तेवढ्यात गाल धरून तिथले खासदार आले. "सहाला माझं भाषण आहे. मला आधी घ्या."

"कशावर भाषण?" मावशीने विचारले.

"आपल्याकडे क्रांती का होणार नाही, यावर. क्रांती उपाशी देशात होते. आमची माणसं बघा, तीन तास निमूट उभी आहेत."

"पुढचाही आपल्यासारखाच ताटकळलाय, म्हणून उभी आहेत, साहेब. तुम्ही या की पुढे. फक्त आज कोणाला परत पाठवायचं, ते रांगेकडे तोंड करून तुम्हीच सांगा. भाषण बरोबर आहे की नाही, ते इथेच कळेल."

खासदार वळले. बारा दुखरे चेहरे त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी मुकाट्याने उद्याची चिठ्ठी घेतली. जाताना माझ्यापाशी थांबले.

"बाई तुमच्या नात्यातल्या का?"

"मावशी."

"आणि तुम्ही शेवटी?"

"हो."

त्यांनी चिठ्ठीची घडी करून ती खिशात ठेवली.

माझी दाढ निघाली. तोंडात कापूस होता, म्हणून त्या दिवशी मावशीचे आभार मानता आले नाहीत. नंतर तोंड मोकळे होते, तरी ते राहूनच गेले.