गप्प राहिलेला ससा

फार पूर्वी एका नदीकाठी दरड कोसळली. चौकस मुंगशी धावत आली. तिच्या प्रश्नांना सगळं रान कंटाळलेलं होतं, तरी आताही तिनं विचारलंच, "कुठं दुखतंय?"

"पाय मोडला गं, मेले मी!" टिटवी किंचाळली.

"माझे काटे बघ किती तुटले!" साळिंदर कण्हलं.

मातीत अर्धा गाडलेला ससा मात्र काहीच बोलला नाही. हा का बोलत नाही? मुंगशीनं त्याच्या नाकाशी कान नेला. श्वास जेमतेम ऐकू येत होता. ती भराभर माती उकरू लागली.

"मी एवढी ओरडतेय, आणि तू त्या मुक्याकडे?" टिटवी चिडली.

"तुम्हाला ओरडता येतंय, म्हणूनच, मावशी!"

तोंडातली माती निघताच ससा खोकला. मग मुंगशी वळली. "हं, आता सांगा. कुठला पाय?"