दुपारच्या पाण्याची किल्ली

"मग ती परत का येत नाहीत, माय? तूच सांग. आमच्याकडून अजून काय करायचं राहिलंय?"

एका दमात एवढं बोलून त्र्यंबकराव उपरण्यानं मान पुसू लागले. ऊन टळटळीत होतं.

मायपुढं भिजलेल्या अंबाडीची पेंढी होती. ती दगडावर धरून लाकडी मोगरीनं बडवायचं तिचं काम चाललं होतं.

धप्प. धप्प.

माय कुठल्या मठाची नव्हती, कुठल्या गादीची नव्हती. ओढ्याकाठी छपरात राहायची, अंबाडीचा वाख काढायची, दोर वळायची आणि ते विकून खायची. ज्याला पटेल तो पाया पडायचा. न पटेल त्याला शिव्या मिळायच्या. पटणाऱ्यालाही मिळायच्या.

त्र्यंबकराव घोलप हे तिचे पट्टशिष्य. म्हणजे असं ते स्वतःच सांगायचे. बोरनाळ्याचे सरपंच. बारा वर्षं एक एकादशी चुकली नव्हती, की एक नारळ चुकला नव्हता. मायपुढं बसायचं ते पहिल्या ओळीत, ही त्यांची सवय.

"काय काय केलंत?" मायनं विचारलं.

त्र्यंबकरावांना हुरूप आला. "वेशीला लोखंडी गेट बसवलं. चौकात कॅमेरे लावले. पोलीस चौकी मंजूर करून आणली, दोन शिपाई असतात कायम. जळालेल्या भिंतींना चुना दिला. आणि आता कमान, माय! दगडी कमान. वर सोनेरी अक्षरात 'सलोखा' कोरलंय. रविवारी उद्घाटन आहे, मोठे साहेब येणार आहेत."

"आणि अकरा घरं?"

"तीच तर येत नाहीत ना!"

अकरा घरं म्हणजे बोरनाळ्याची खालची आळी. दीड वर्षापूर्वी, बाजाराच्या दिवशी, भर दुपारी जमाव आला आणि त्यानं ही अकरा घरं पेटवली. तीन माणसं गेली. उरलेली तेव्हापासून तालुक्याला, बाजार समितीच्या मागं पत्र्याच्या शेडमध्ये राहत होती.

कशावरून झालं, ते इथं सांगायचं नाही. विचारूही नका. कारण सांगितलं की लोक मेलेल्यांकडं बघायचं सोडतात आणि कारण चिवडत बसतात. आधी कुणी काय म्हटलं, मग कुणी काय केलं… अरे, तीन माणसं जळाली! त्याला कसलं आलंय कारण?

"परवा मी स्वतः गेलो होतो शेडवर," त्र्यंबकराव सांगू लागले. "गाडी घेऊन गेलो, म्हटलं, बसा, चला. सारजाबाईच्या लिंबाजीला सगळं समजावलं. गेट, कॅमेरे, चौकी. तो म्हणतो, 'खरं आहे सरपंच. चांगलं केलंत. तरीपण…' म्हटलं, तरीपण काय? तर गप्प. त्याच्या बायकोला विचारलं, तीही तेच. 'तरीपण…' पुढच्या शेडमध्ये गेलो, तिथंही तेच! अकरा घरांना मिळून एकच शब्द पाठ आहे, माय. तरीपण म्हणे, तरीपण. कुणी पढवून ठेवलंय की काय, देव जाणे."

त्यांनी तो शब्द चांगला नाकातून, नक्कल करून म्हटला.

मायनं पेंढी उलटली.

"मग मी काय करू?"

"तू जा. तुझा शब्द ती खाली पडू द्यायची नाहीत. तू म्हणालीस की रविवारी सगळी कमानीखाली उभी राहतील."

"जाते की," माय म्हणाली. "पण खूण काय नेऊ?"

त्या भागात नुसत्या तोंडच्या निरोपावर कुणी हलत नाही. सासरी असलेल्या मुलीला आणायला परका माणूस पाठवला, तर त्याच्याजवळ बापाची अंगठी नाहीतर आईच्या गळ्यातलं काहीतरी द्यावं लागतं. ती खूण. खूण ओळखली तरच मुलगी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकते. खूण नसेल तर निरोप्या देवमाणूस का असेना, चहा पाजून त्याला वाटेला लावतात.

त्र्यंबकराव तयारीनं आले होते. त्यांनी पिशवीतून कागद काढला. "ग्रामसभेचा ठराव आहे. एकमतानं. शिक्क्यासकट."

मायनं कागद उलटा केला, सुलटा केला.

"यातली माणसं त्या दुपारी कुठं होती?"

"आपापल्या घरी…"

तिनं कागद परत दिला. तिच्या ओल्या बोटांनी शिक्का फिसकटला होता.

त्र्यंबकरावांनी मोबाइल काढला. "मग हा फोटो ने. गेट बघ केवढं आहे. हत्ती आला तरी हलायचं नाही."

"बैल गेला अन् झोपा केला," माय म्हणाली. "अन् तोही वेशीला. ते वेशीतून आले होते का रे?"

"बाहेरचेच होते, माय. तोंडाला फडकी बांधलेली. मी जबाबातही तेच सांगितलंय."

"बाहेरच्यांना दीडशे घरांतली नेमकी अकरा कशी सापडली? अंधार नव्हता, मान्य. पण घरावर नावंही नव्हती."

त्र्यंबकरावांनी ओढ्याकडं पाहिलं. ओढ्यात पाहण्यासारखं काही नव्हतं.

धप्प. धप्प.

"आई कशी आहे तुझी?"

विषय बदलला म्हणून त्यांना बरं वाटलं. "अंथरुणालाच खिळली आहे. पाय गेले ते गेलेच. तशी खाते-पिते. दुपारचं पाणी तेवढं घेत नाही हल्ली. हातातला तांब्या ढकलून देते. का, ते सांगत नाही."

सांगत नाही म्हणे! म्हाताऱ्या माणसानं अजून कसं सांगायचं असतं?

"सारजाच्या घराची किल्ली कुठाय?" मायनं विचारलं.

त्र्यंबकरावांनी ठरावाची घडी करून पिशवीत घातली.

बोरनाळ्यात एक रीत होती. खालची आळी सकाळी रानात निघाली की जी म्हातारी माणसं उठू शकत नाहीत ती घरात राहायची. आत शेळ्या-कुत्री शिरू नयेत म्हणून बाहेरून कुलूप. आणि किल्ली वरच्या आळीत, शेजारच्या घरी. दुपारी शेजाऱ्यानं कुलूप काढायचं, म्हाताऱ्या माणसाला पाणी पाजायचं, कुलूप लावून किल्ली परत खुंटीवर. पन्नास वर्षं असं चाललं होतं. कुणी कुणाला उपकार म्हटलं नव्हतं.

लिंबाजीच्या घराची किल्ली घोलपांच्या खुंटीवर असायची. आत लिंबाजीची आई, सारजाबाई. तिला आधी त्र्यंबकरावांची आई पाणी पाजायची. आईचे पाय गेल्यावर त्र्यंबकराव स्वतः जाऊ लागले.

"ती… त्या गडबडीत हरवली, माय."

"हरवली?"

"हो ना. कुठं गेली काय की…"

"मग हात का तिथं गेला?"

त्र्यंबकरावांनी खाली पाहिलं. त्यांचा उजवा हात धोतराच्या कनवटीवर होता. कधी गेला, त्यांचं त्यांनाच कळलं नव्हतं.

मायनं मोगरी खाली ठेवली आणि नुसता तळवा पुढं केला.



मग त्यांनी कनवट सोडली आणि किल्ली काढली. मायच्या हातावर ठेवायचा धीर झाला नाही. दगडावर ठेवली. लोखंडी, बोटाएवढी किल्ली. कडीला हिरव्या लुगड्याच्या काठाची चिंधी बांधलेली. सारजाबाईचं कुलूप जळून काळं ठिक्कर पडलं होतं, ते साऱ्या गावानं पाहिलं होतं. किल्लीवर काजळीचा ठिपका नव्हता.

"त्या दुपारी कुठं होती ही?"

"खुंटीवर."

"अन् तू?"

"…खुंटीखाली."

"दार?"

"आतून लावलं होतं." आता ते भराभर बोलू लागले. "घरात लेकरं होती, माय. आई होती. बाहेर दोनशे माणूस, हातात पलिते. मी कुणाला हात लावला नाही, तुझ्या पायाची आण. काडी लावली नाही, दगड उचलला नाही. पण मी एकटा काय करणार होतो?"

हे बोरनाळ्यात कुणालाही विचारा, असंच सांगतील. त्या दुपारी वरच्या आळीत घरोघरी एकेक एकटा माणूस बसला होता. सगळे मिळून शंभरावर एकटे. पोलिसांनी विचारलं तेव्हा मात्र सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, बाहेरचे होते. तेव्हा कुणी एकटा नव्हता. आणि आता हेच लोक कमानीखाली फेटे बांधून उभे राहणार.

"हाक आली होती?" मायनं विचारलं.

"कुणाची?"

"तुला माहीत आहे, कुणाची."



"आली होती."

"काय म्हणाली?"

त्र्यंबकराव उपरण्याचं टोक पिळू लागले.

"बोल."

"'त्र्यंबका… पाणी दे रे,' म्हणाली."

दुपारची वेळ. म्हातारीला ऐकू कमी यायचं, दिसायचंही कमी. गरम होऊ लागलं, घशात धूर गेला. तिला वाटलं, आज पाण्याला उशीर झाला.

मायनं मोगरी उचलली आणि फेकून दिली. ती त्र्यंबकरावांच्या कानाजवळून गेली आणि ओढ्यात पडली.

"बारा वर्षं माझ्यापुढं नारळ फोडलेस," ती म्हणाली. "बारा वर्षं! त्यातलं तांब्याभर पाणी त्या म्हातारीपर्यंत नेता आलं नाही तुला, मुडद्या?"

त्र्यंबकराव दगडासमोर वाकले. रडले. रडू खरं होतं, खोटं कशाला बोला. पण माणूस सरपंच होता. रडतानाही त्याला काहीतरी मोठं करून दाखवायचं होतं.

"शिक्षा दे, माय. सांगशील ती. महिनाभर निर्जळी धरतो. अनवाणी तालुक्याला जातो. सारजाबाईच्या नावानं अन्नदान घालतो, पाच गावांना…"

"गप."

त्यांनी डोळे पुसले.

"सोपं सांगते. घरी जा. आईला अंथरुणावर नीट निजव. बाकी सगळ्यांना घेऊन बाहेर पड. बाहेरून कुलूप लाव. तुझ्या घराची किल्ली लिंबाजीला दे अन् दिवसभर रानात जाऊन बस. दुपारी तो येईल, कुलूप काढेल, तुझ्या आईला पाणी पाजील. संध्याकाळी घरी ये."

त्र्यंबकरावांनी मान वर केली.

"लिंबाजीला?"

"हं."

"आई… आत असताना?"

"रीतच आहे ना तुमच्या गावची?"

"होती. म्हणजे आहे. पण माय, तिला उठता येत नाही…"

"सारजाला येत होतं?"

ओढ्यात मोगरी एका दगडाला अडकून हलत होती. त्र्यंबकराव तिच्याकडं बघत राहिले. घरातली ती अंधारी खोली त्यांच्या डोळ्यांपुढं आली. आईचं अंथरूण, उशाचा तांब्या. आणि दाराला बाहेरून कुलूप.

"भ्यायचं कशाला?" माय म्हणाली. "गाव आता सुरक्षित आहे. तूच म्हणालास."

"आहे, माय."

"वेशीला गेट आहे."

"आहे."

"चौकात कॅमेरे."

"आहेत."

"दोन शिपाई."

"आहेत, कायम असतात. आणि लिंबाजीही माणूस भला आहे. मुंगी मारायचा नाही तो. माझा त्याच्यावर भरवसा आहे, खरंच आहे." त्र्यंबकरावांनी उपरणं खांद्यावर सारलं. "तरीपण…"

शब्द तोंडातून निघून गेला.

त्यांनी तोंडावर हात ठेवला. उपरणं खांद्यावरून घसरून अंबाडीच्या चिखलात पडलं, ते त्यांनी उचललं नाही.

माय उठली. ओढ्यात उतरून तिनं मोगरी काढली, झटकली, दगडावर ठेवली. छपराच्या वळचणीला खोचलेली काठी घेतली आणि पायात वहाणा सरकवल्या.

"सारजाची किल्ली उचल," ती म्हणाली. "ती तुझ्या हातानं लिंबाजीला द्यायची आहे."

त्र्यंबकरावांनी किल्ली उचलली. दगड उन्हानं तापला होता, किल्लीही तापली होती.

"आणि तू, माय?" त्यांनी विचारलं. "तू येशील?"

माय तालुक्याच्या वाटेला लागलीसुद्धा होती.

"येते तर. खूण मिळाली."