उजव्या पंखातलं शिसं

घरच्या घरी छोटी विमानं बनवून उडवण्याचा नाद माणसांना होता, त्या काळची ही गोष्ट.

कुमुदताईंनी हलक्या लाकडाचं एक विमान बनवलं. त्याच्या डाव्या पंखातून निघालेल्या दोन लांब तारा ताईंच्या मुठीत असत; त्या ओढूनच ताई त्याला वर-खाली वळवत. ताई मधोमध उभ्या राहत आणि विमान त्यांच्याभोवती फिरत कोलांट्या घेई. उजव्या पंखाच्या टोकात मात्र त्यांनी शिशाचा तुकडा बसवला होता.

"हलकं व्हावं म्हणून मी अंग घासून घेतलं," उजवा पंख त्याला रोज म्हणे, "आणि तू आयतं बसून माझं ओझं वाढवतोस!"

एके सकाळी मैदानावर शिसं निमूटपणे फटीतून गवतात उतरलं. पंख हरखला. विमान उडालं, चढत चढत ताईंच्या डोक्यावर आलं आणि तारांच्या वजनानं डावीकडे कलंडलं. तारा सैल पडल्या.

"अरे, ताण सोडू नकोस!" म्हणत ताई तारा ताणायला उलट्या पावली मागे धावल्या. पण सैल तारेतून मुठीचं सांगणं पोचत नाही. विमान जमिनीवर आदळलं.

मोडका पंख शिशाशेजारी येऊन पडला. "तारांना एवढं वजन असतं?" त्यानं विचारलं.

"पहिल्यापासून होतं," शिसं म्हणालं. "तुला ते जाणवू दिलं नाही, इतकंच."